पियानो जुळविणाऱ्याचे कान व त्यांचे रक्षण

ज्याचा सारा धंदाच ऐकण्याचा, त्याने कामास बसताना कानांत बोळे घालावेत, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते. सोनाराने डोळ्यांवर पट्टी बांधून काटा पाहावा तसाच हा प्रकार नव्हे काय, असे एखादा विद्यार्थी विचारील. हा प्रश्न पोरकट म्हणून सोडून देण्याजोगा नाही. संगीताच्या क्षेत्रातील कितीतरी जाणती माणसे हीच शंका मनात धरून आयुष्यभर कान उघडे ठेवीत आली, आणि उतारवयात समोरच्याचे साधे बोलणेही त्यांना दोनदा विचारावे लागले. कानांत घालावयाच्या या बोळ्यांस बाजारात इअरप्लग म्हणतात. ते कसे निवडावेत, याचा विचार आम्ही येथे मुख्यत्वे पियानो जुळविणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने करणार आहोत. इतर वादकांपेक्षा त्याची अडचण अधिक बिकट असते. तिचा उलगडा झाला म्हणजे इतरांचा मार्ग पुष्कळसा मोकळा होतो.

प्रथम त्याचे काम पाहू. आपल्याकडे पुष्कळ मिशन शाळांच्या दिवाणखान्यात किंवा प्रार्थनामंदिरात एखादा जुना पियानो असतो. पावसाळ्यात हवेतील ओलावा त्याच्या लाकडी ध्वनिफलकात मुरतो, फलक फुगतो, तारा ताणल्या जातात व सूर चढतात. पुढे कोरडी हवा सुटली म्हणजे ते उतरतात. म्हणून कारागिरास बोलवावे लागते. पियानोला ८८ पट्ट्या असतात, परंतु तारा २२० हून अधिक. कारण मधल्या व वरच्या भागात एकेका स्वरासाठी तीन तीन तारा लाविलेल्या असतात. या सर्व तारांचा एकत्रित ताण पंधरा ते वीस टनांच्या घरात जातो. कारागीर लोकरी नमद्याची पाचर घालून तीनपैकी दोन तारा मुक्या करितो, उरलेली जुळवितो, मग तिच्याशी शेजारच्या दोन एकेक करून मिळवितो. हे करीत असता तो पट्टी हळूच दाबीत नाही. चांगला जोराने आघात करितो. त्यात रागाचा किंवा हौसेचा भाग नाही. खुंटी फिरविली तरी तार ज्या ज्या ठिकाणी टेकलेली असते तेथील घर्षणामुळे तिच्या सर्व भागांत ताण सारखा पोहोचत नाही. जोराच्या आघाताने तो सारखा होतो व सूर टिकतो. हलक्या हाताने जुळविलेला पियानो पहिल्याच जोरकस वादनाने उतरण्याचे भय असते. एक पियानो जुळविण्यास दीड-दोन तास लागतात, झाकण उघडे असते, आणि कारागिराचे डोके तारांपासून हातभर अंतरावर. असे दोन-तीन पियानो दिवसाकाठी झाले, म्हणजे त्याच्या कानांवर किती आघात होत असतील याची कल्पना करावी.

आता तो ऐकतो काय? ज्यांनी घरी तंबोरा लावलेला पाहिला आहे त्यांस हे सहज समजेल. जोडीच्या दोन तारा किंचित विसंवादी असल्या म्हणजे नाद स्थिर न राहता ‘वाँ-वाँ’ असा हेलकावतो. तारा जुळत आल्या की हेलकावे मंदावतात आणि शेवटी थांबतात. या हेलकाव्यांस शास्त्रात विस्पंद म्हणतात. तीन तारांचा एक स्वर जुळविताना पियानोवाल्यास हे विस्पंद नाहीसे करावयाचे असतात. परंतु निरनिराळे स्वर परस्परांशी लाविताना ते मोजून मापून ठेवावयाचे असतात. उदाहरणार्थ, मध्यल्या सी च्या खालचा एफ हा स्वर सेकंदास सुमारे १७४.६ कंपांचा, व त्याच्या वरचा ए २२० कंपांचा. प्रत्येक तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपसंख्येचे उपस्वरही निघत असतात. एफ चा पाचवा उपस्वर ८७३ च्या जवळ येतो, आणि ए चा चौथा बरोबर ८८० वर. या दोहोंमधील अंतर सात. म्हणून हे दोन स्वर एकत्र वाजविले असता सेकंदाला जवळजवळ सात विस्पंद ऐकू आले पाहिजेत. त्याच ए ची मध्यल्या सी च्या वरील ई शी गाठ घातली तर चार सेकंदांत केवळ तीनच विस्पंद यावयास हवेत. कारागिराची सारी विद्या या मोजणीत आहे. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की तो मूळ स्वर ऐकत नसून त्याच्या वर तरंगणारे बारीक उपस्वर ऐकत असतो, आणि पियानोच्या वरच्या भागात हे उपस्वर काही हजार कंपांपर्यंत जातात. त्या प्रदेशातील नाद मंदावला की त्याचे काम अडते.

दुर्दैवाने गोंगाटाने कान बिघडू लागतो तोही त्याच प्रदेशात. कानाची बाहेरील नळी सुमारे २५ मिलिमीटर लांबीची असते. बासरीच्या नळीप्रमाणे तिचाही स्वतःचा एक सूर आहे. तो तीन हजार कंपांच्या आसपासचा असल्यामुळे त्या भागातील नाद नळीतच बळावून पडद्यावर आदळतात. पडद्यापलीकडे तीन चिमुकली हाडे, व त्यांच्याही पलीकडे गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नलिका आहे. त्या नलिकेत सुमारे पंधरा हजार केशपेशी ओळीने बसलेल्या असतात. प्रवेशाजवळच्या पेशी उंच स्वर टिपतात, आतल्या वेटोळ्यातील पेशी खर्ज. मोठ्या आवाजाचा मार वर्षानुवर्षे बसला म्हणजे बहुधा चार हजार कंपांच्या आसपासचे ऐकणे प्रथम क्षीण होते. पियानोची सर्वांत वरची पट्टी ४१८६ कंपांची आहे, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. बोलण्यातील स, श, फ या वर्णांची तीक्ष्णताही याच वरच्या भागात असते. म्हणून अशा माणसास आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही. मनुष्याच्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्वचा भरून येते, हाड सांधते. येथे तशी सोय नाही.

कार्यक्रमानंतर कान बधिर होतात, त्यांत शीळ वाजल्यासारखे होते, आणि दुसऱ्या दिवशी सर्व पूर्ववत् वाटते, असा अनुभव पुष्कळांचा आहे. ‘उतरले की नाही?’ म्हणून ते निर्धास्त होतात. परंतु २००९ मध्ये कुजावा व लिबरमन या दोन संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की ऐकण्याची पातळी पूर्ववत् झाली तरी केशपेशींचे मज्जातंतूंशी असलेले कित्येक सांधे कायमचे तुटलेले असू शकतात. मनुष्याच्या बाबतीत या गोष्टीचे प्रमाण किती, यावर संशोधन चालू आहे. तथापि रात्रीच्या शिळेस क्षुल्लक समजू नये, एवढे यावरून खास ठरते.

किती आवाज म्हणजे फार? येथे आवाजाच्या पातळीबरोबर वेळही मोजावा लागतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यविषयक राष्ट्रीय संशोधनसंस्थेने दिवसास आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा सुचविली आहे, आणि पातळी तीन डेसिबलने वाढली की वेळ निम्मा करावा असा तिचा नियम आहे. कारण तीन डेसिबल वाढणे म्हणजे ध्वनीची शक्ती दुप्पट होणे. त्याप्रमाणे ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास, आणि १०० ला केवळ पंधरा मिनिटे. गणिताच्या विद्यार्थ्यांनी ही श्रेढी पुढे चालवून ११२ पर्यंत न्यावी. तेथे मिनिटभराचाही अवकाश उरत नाही, असे त्यांस दिसून येईल. आवाज मोजण्यासाठी आज मोबाईलवरही साधने मिळतात. ती सारखीच अचूक नसतात, पण ८० व १०० यांतला भेद दाखविण्यास पुरतात.

या साऱ्याचे परिणाम केवळ म्हातारपणीच दिसतात असे नाही. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये क्रिस्टोफर गोल्डशायडर हे व्हायोला वाजवीत असत. १ सप्टेंबर २०१२ रोजी वाग्नेरच्या ‘डी वाल्क्यूरे’ या संगीतनाटकाची तालीम चालू असता त्यांची जागा पितळी वाद्यांच्या अगदी पुढे आली होती. त्या वेळी आवाजाची कमाल पातळी सुमारे १३७ डेसिबलपर्यंत गेली. त्यांच्या कानांस झालेल्या इजेमुळे त्यांना पुढे वादनाचा व्यवसाय सोडावा लागला. २०१८ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला व २०१९ मध्ये अपील न्यायालयात त्याविरुद्धचे अपील फेटाळले गेले. या खटल्यातील आम्हास महत्त्वाचा वाटणारा भाग निराळाच आहे. वादकांना इअरप्लग दिलेले होतेच. परंतु ते सतत घातले तर शेजाऱ्याचे वा स्वतःचे वाद्य नीट ऐकू येत नाही, ही वादकांची अडचण होती, आणि ते केव्हा घालावेत हे पुष्कळसे त्यांच्याच विवेकावर सोडलेले होते. म्हणजे बोळा खिशात असून भागत नाही. तो कानात राहील असा असावा लागतो. निवडीचा सारा प्रश्न एवढाच आहे.

बाजारातील प्रकार आता या कसोटीस लावून पाहू. कापसाचा बोळा आपल्याकडे सर्वांत परिचित. तो थंडी अडवीत असेल, आवाज नाममात्रच अडवितो. आणि आपण काही उपाय केला आहे असा खोटा भरवसा देतो, म्हणून आम्ही त्यास निरुपयोगीपेक्षाही वाईट समजतो. दुसरा प्रकार मऊ फेसासारख्या पदार्थाचा, म्हणजे फोमचा. बोटांनी वळून बारीक करावा, नळीत सरकवावा, की तो फुगून नळी भरून टाकतो. स्वस्त असून नीट बसला तर आवाज पुष्कळ उतरवितो. काही पाकिटांवर तीस डेसिबलच्या वरचा आकडा असतो. कारखान्यातील यंत्रापाशी उभे राहणाऱ्यास तो उत्तम. परंतु तो खालच्या स्वरांपेक्षा उंच स्वर अधिक दाबतो. शिवाय नळी बंद झाल्याने तिचा तो तीन हजार कंपांजवळचा स्वाभाविक सूरही हरपतो. परिणामी संगीत गोधडीखालून ऐकल्यासारखे होते. खर्ज गुरगुरत राहतो आणि ज्या उपस्वरांवर कारागिराची भिस्त, तेच नेमके नाहीसे होतात. तो वैतागून बोळा काढतो, आणि मग उघड्या कानांनी घणाघात चालू करितो.

ही अडचण ओळखून १९८८ मध्ये अमेरिकेतील एटिमॉटिक रिसर्च या कंपनीने एल्मर कार्लसन यांच्या कल्पनेवरून वादकांसाठी निराळा बोळा बाजारात आणला. त्यात नुसते बूच नसून एक सूक्ष्म पडदा व मोजून बनविलेली पोकळी असते. यांच्या योगाने, बोळ्यामुळे हरपलेला नळीचा सूर पुन्हा निर्माण केला जातो, आणि खालपासून वरपर्यंतचे सर्व स्वर जवळजवळ सारख्याच प्रमाणात उतरतात. चित्रावर काळा कागद न टाकता खोलीतला दिवा थोडा बारीक करावा, तसे हे आहे. रंग तेच राहतात. असे गाळणीचे बोळे ९, १५ व २५ डेसिबलचे मिळतात. प्रत्येकाच्या कानाचा साचा घेऊन बनविलेला बोळा सर्वांत चांगला बसतो, पण तो महाग. तयार मापाचे, सिलिकॉनच्या दोन-तीन कड्यांचे, थोड्या किमतीचे बोळेही याच तत्त्वावर निघाले आहेत व पुष्कळांस ते पुरे होतात.

येथे कोणी म्हणेल, की १५ पेक्षा ३० मोठे. मग अधिक संरक्षण देणारा का घेऊ नये? याचे उत्तर वरच्याच नियमाने काढून पाहावे. समजा, एकजण आठ तास सारख्या मोठ्या आवाजात आहे, व त्याने तीस डेसिबलचा बोळा घातला आहे. पण बारकाईने ऐकण्यासाठी तो अधूनमधून मिळून केवळ अर्धा तास काढला. अर्धा तास म्हणजे आठ तासांचा सोळावा हिस्सा. बोळा असतानाचा आवाज इतका क्षीण, की हिशेबात तो जवळजवळ शून्य धरावा. उघड्या कानांचा अर्धा तास तेवढा शिल्लक राहतो. सोळावा हिस्सा म्हणजे चार वेळा निम्मे, आणि प्रत्येक वेळचे तीन डेसिबल धरून बारा झाले. तीसचा बोळा बारावर आला! याउलट पंधराचा बोळा ज्याने कानातून काढलाच नाही, त्यास पूर्ण पंधरा लाभले. सोळाव्या हिश्श्याच्या निष्काळजीपणाने एवढी हानी होते, हे पहिल्याने हिशेब करणाऱ्यास खरे वाटत नाही. त्याने तो दुसऱ्यांदा करावा.

फार मोठा बोळा घेण्यात आणखी एक तोटा आहे. कानापाशी पोहोचणारा आवाज ७५ ते ८० डेसिबलच्या दरम्यान राहिला म्हणजे बेताचे झाले. ७० च्या खाली गेला की माणूस जगापासून तुटल्यासारखा होतो, आणि वादक तर नकळत अधिक जोराने वाजवू लागतो. म्हणून जेथे पातळी ९४ ची आहे तेथे पंधराचा बोळा पुरेसा. तीसचा घेणे म्हणजे डोकेदुखीवर पाय बांधून ठेवण्यासारखे आहे.

पाकिटावरील आकड्यांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. अमेरिकन पाकिटावर एकच आकडा असतो. तो प्रयोगशाळेत, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली बोळा बसवून काढलेला असतो; प्रत्यक्षात तेवढा लाभ क्वचितच होतो, आणि वर सांगितलेली संशोधनसंस्था फोमच्या बोळ्याचा आकडा निम्माच धरावयास सांगते. युरोपीय पाकिटावर मात्र एच, एम व एल या अक्षरांपुढे तीन आकडे असतात. ते अनुक्रमे उंच, मधल्या व खालच्या स्वरप्रधान गोंगाटासाठी. संगीताच्या माणसाने पाहावयाचे ते हेच. समजा, एकावर ३०, २४, २२ असे आकडे आहेत आणि दुसऱ्यावर १७, १६, १५. तर दुसऱ्याचे तीन आकडे जवळजवळ आहेत, अर्थात तो स्वरांचा तोल कमी बिघडवितो. ‘वादकांसाठी खास’ असे शब्द कोणीही छापू शकतो; तीन आकड्यांची जवळीक पाहिल्याशिवाय त्यांवर विश्वास ठेवू नये.

पियानो जुळविणाऱ्यास आमच्या मते ९ किंवा १५ डेसिबलचा समतोल बोळा योग्य. पियानो फार उतरलेला असेल तर प्रथम सर्व तारा चढवून घ्याव्या लागतात. त्या ओबडधोबड कामात कित्येक कारागीर सूर दाखविणाऱ्या यंत्राची मदत घेतात. तेव्हा वरून कानझाकण्या चढविल्या तरी चालते. बारीक जुळवणीच्या वेळी त्या काढून समतोल बोळ्यांवर यावे. पहिले काही दिवस विस्पंद दुरून आल्यासारखे वाटतात, हे खरे; आठवड्या-दोन आठवड्यांत कान त्यास सरावतो. व्हायोलिन वाजविणाऱ्याचे वाद्य डाव्या कानाशी असते, म्हणून त्या कानास अधिक जपावे लागते. आडव्या बासरीचा मारा उजव्या कानावर अधिक. गाणाऱ्यास व फुंकून वाजविणाऱ्यास एक वेगळाच त्रास होतो: बोळा घातला की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो. बोळा नळीत खोल बसला तर हे घुमणे कमी होते, म्हणून अशांनी साच्याचा, लांब देठाचा बोळा घ्यावा.

आपल्या मुलांपैकी पुष्कळजण गणेशोत्सवातील ढोल-ताशा पथकांत जातात. त्यांच्या पालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे. पथकात कोणास विस्पंद मोजावयाचे नसतात, आणि ताशाच्या शेजारी तासन् तास उभे राहावे लागते. तेथे नऊ-पंधरा पुरे पडणार नाहीत. पंचवीसचा किंवा चांगला बसविलेला फोमचाच बोळा घ्यावा, आणि तो सरावाच्या पहिल्या दिवसापासून घालावा; कारण महिनाभराच्या सरावाचे तास मिरवणुकीच्या तासांहून किती तरी अधिक असतात.

बोळा घालण्याची रीत अशी. हात स्वच्छ धुवावेत. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर व मागे ओढावी, म्हणजे वाकडी नळी सरळ होते. मग उजव्या हाताने बोळा सरकवून, फोमचा असल्यास तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. नीट बसला की नाही हे पाहण्यासाठी, आवाज चालू असता दोन्ही कानांवर तळहात घट्ट दाबावेत आणि काढावेत. फार फरक जाणवला तर बोळा सैल आहे असे समजावे. कान वाहत असेल, दुखत असेल, किंवा पडद्यास छिद्र असल्याचे कळले असेल, तर डॉक्टरांस विचारल्याखेरीज कानात काहीही घालू नये. वाढत्या मुलांसाठी महागडा साच्याचा बोळा करण्याची घाई पालकांनी करू नये. कान वाढतो, साचा सैल होतो, आणि सैल बोळ्यातून आवाज सरळ आत जातो. त्यांना तयार मापाचे लहान बोळे बरे. ते कोमट पाण्याने व साध्या साबणाने धुवून, पूर्ण वाळवून डबीत ठेवावेत.

ज्या विद्यार्थ्यांस शाळेतील पियानोजवळ जाण्याची परवानगी आहे, त्यांनी कारागीर येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात एक प्रयोग करून पाहावा. मध्यल्या सी च्या खालचे एफ व ए एकत्र दाबून धरावेत आणि सेकंदाला सात ठोके मोजता येतात का ते ऐकावे. मग फोमचा बोळा घालून, व शेवटी समतोल बोळा घालून तेच पुन्हा करावे. त्यानंतर जोडीस वरच्या सप्तकातील एखादा स्वर घ्यावा, आणि कोणत्या बोळ्यात किती उरते ते वहीत लिहून ठेवावे.